मतपत्रिका, अंतराळयानं आणि गायब झालेले पक्ष

खग्रास

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा 'द बीस्ट बिलो' हा भाग १० एप्रिल २०१० ला प्रसारित झाला. ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक तेव्हा चार आठवड्यांवर आली होती. भागात पृथ्वी राहण्यालायक उरलेली नाही आणि अख्खा ब्रिटन एका अवाढव्य यानात बसून निघालाय. (स्कॉटलंड सोडून. त्यांनी म्हणे वेगळं यान मागितलं!) सोळा वर्षं पूर्ण झाली की नागरिकाला मतदान कक्षात जाता येतं, आणि मग दर पाच वर्षांनी. आत पडद्यावर यानाचं खरं गुपित दाखवतात: यान एका अवाढव्य प्राण्याच्या पाठीवर, त्याला छळून चालवलं जातंय. समोर बटणं असतात: 'निषेध' आणि 'विसरा'. 'विसरा' दाबलं की पाहिलेलं सगळं डोक्यातून पुसलं जातं आणि माणूस पुढची पाच वर्षं सुखात. एक टक्का लोकांनी जरी 'निषेध' दाबला तरी सगळा बेत रद्द होईल, असं आधीच बजावलेलं असतं. आणि 'निषेध' दाबणाऱ्याच्या पायाखालची जमीन खरोखरच सरकते, थेट खालच्या प्राण्याच्या तोंडात.

मालिका म्हणून भाग झकास आहे. पण परवा पुन्हा बघताना एक गोष्ट खटकली. या ब्रिटनमध्ये राणी आहे, पोलीस आहेत, शाळा आहेत, मतदानही आहे. पक्ष मात्र एकही नाही. 'निषेध' दाबा म्हणून घरोघर फिरणारं कोणी नाही, 'विसरा'वाल्यांची सभा नाही, एक टक्क्याची जुळवाजुळव करणारा एखादा खटपट्या कार्यकर्ता नाही. असता, तर पहिल्याच फेरीत बेत बारगळला असता.

मग आठवत गेलो. 'स्टार ट्रेक'च्या फेडरेशनला, म्हणजे ग्रहांच्या संघराज्याला, अध्यक्ष आहे, परिषद आहे, पण कुठला पक्ष सत्तेत आहे हे कधी कानावर पडल्याचं मला तरी आठवत नाही. 'बॅटलस्टार गॅलक्टिका'त बारा वसाहतींचे बारा प्रतिनिधी बसतात, भांडतात, पण एकेकटे. 'द ऑर्व्हिल'च्या 'मेजॉरिटी रूल' (२०१७) या भागात तर छातीवरच्या बिल्ल्यावर जो तो बाण दाबतो, वर किंवा खाली, आणि तोच कायदा. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं यान सुचतं, आणि मतपत्रिका म्हटली की होय-नाही नाहीतर अ-विरुद्ध-ब. मतं मोजायची कशी, हा प्रश्न या मंडळींना पडतच नाही.

हे मनोरंजन आहे, सोडून देऊ. पण मतदानसुधारणा मागणारेही (त्यात मी आलोच) नेमकं हेच करतात. आम्ही कागदावर सुंदर पद्धत मांडतो आणि पक्ष नावाची वस्तू विसरतो. ब्रिटनचंच बघा. २०१० च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट्सना २३ टक्के मतं आणि ६५० पैकी ५७ जागा. त्रिशंकू संसदेत ते हुजूर पक्षाबरोबर सत्तेत गेले आणि बदल्यात सार्वमत पदरात पाडून घेतलं. तेही प्रमाणशीर प्रतिनिधित्वावर (मतांच्या प्रमाणात जागा) नाही, एका जागेसाठी पसंतीक्रमावर (उमेदवारांना १, २, ३ असे क्रम द्यायचे; शेवटचा बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला). ५ मे २०११ ला ६७.९ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं.

'नाही'च्या प्रचाराचा एक मुद्दा होता की पसंतीक्रम लोकांना झेपणार नाही. आता गंमत. 'नाही'च्या बाजूने उतरलेले हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन स्वतः २००५ मध्ये पक्षाचे नेते कसे झाले? खासदारांच्या पहिल्या फेरीत डेव्हिड डेव्हिस ६२, कॅमेरॉन ५६. शेवटचा बाद, पुन्हा मतदान. दुसऱ्या फेरीत कॅमेरॉन ९०, डेव्हिस ५७. मग सभासदांनीही कॅमेरॉनना निवडलं. 'सर्वाधिक मतं तो विजयी' ही जी पद्धत देशासाठी पुरेशी चांगली असं ते सांगत होते, ती पक्षात असती तर ते पहिल्याच दिवशी घरी गेले असते.

माझा मुद्दा एवढाच: मोजणीची पद्धत ही पक्षांची पैदास ठरवते, आणि ती बदलायची की नाही हे जुन्या पद्धतीत जिंकलेले पक्ष ठरवतात. कोणत्या मालिकेने याला हात घातलाय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच

'विसरा' बटण आपल्याकडे निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपोआप दाबलं जातं. त्यासाठी यान कशाला?

आणि 'निषेध' म्हणजे आपला नोटाच की. फक्त पायाखालची जमीन सरकत नाही. काहीच सरकत नाही.

दुर्बीण

खग्रास, पक्ष नसतात हे बरोबर, पण मोजणीला हात घातलेला नाही हे पटत नाही. 'बॅटलस्टार'चा दुसऱ्या सीझनचा शेवट आठवा. रॉझलिनबाई मुळात शिक्षणमंत्री. वारसाक्रमात त्रेचाळिसाव्या, यंत्रमानवांच्या हल्ल्यात वरचे बेचाळीस मेले म्हणून यानांतून पळणाऱ्या उरल्यासुरल्या माणसांच्या राष्ट्राध्यक्ष. निवडणूक लागते तेव्हा ऐन मोक्याला राहण्याजोगा ग्रह सापडतो. प्रतिस्पर्धी बाल्टर म्हणतो इथेच उतरू, बाई म्हणतात इथे मरू. थकलेले लोक बाल्टरकडे झुकतात. मग बाईंची माणसं मतपेट्याच बदलतात! ज्यांना आपण अख्खे दोन सीझन डोक्यावर घेतलं त्याच बाई. ॲडमिरल अडामा एकांतात समजावतो तेव्हा त्या माघार घेतात, बाल्टर जिंकतो आणि पुढे जे व्हायचं ते होतं.

मला तो प्रसंग फार मोठा वाटतो, कारण निकाल चुकीचा होता आणि तरीही तो मानणंच बरोबर होतं, असं मालिका सांगते. खलनायकाने मतपेटी पळवणं सोपं. इथे आपलाच माणूस पळवतो.

'बॅबिलॉन ५' या अंतराळमालिकेतलंही एक. पहिल्याच भागात पृथ्वीच्या अध्यक्षपदाची निवडणूक चालू असते. तळावरची अधिकारी इव्हानोव्हा म्हणते, मी सँटियागोला मत देणार नाही, त्याला हनुवटीच नाही, आणि त्याच्या उपाध्यक्षाला नको तितक्या आहेत. सगळे हसतात. सीझन संपताना अध्यक्षाचं यान उडवलं जातं आणि तोच उपाध्यक्ष क्लार्क खुर्चीवर बसतो. पुढचा हुकूमशहा मतपत्रिकेवर होता, पण दुय्यम नाव म्हणून, आणि मतदार हनुवट्या मोजत होते.

खग्रास

दुर्बीण, मतपेट्या बदलणं म्हणजे मोजणीतला गुन्हा. मी नियमाबद्दल बोलतोय. समजा त्याच निवडणुकीत तिसरा तगडा उमेदवार असता आणि पसंतीक्रम असता, तर बाई आणि बाल्टर दोघांनाही तिसऱ्याच्या मतदारांशी गोड बोलावं लागलं असतं. लेखकाला कथेत दोनच टोकं हवी असतात, म्हणून नियमही दोन टोकांचाच येतो.

क्लार्कचं उदाहरण मात्र मान्य. वाचनखूण साठवली.

अनुस्वार

पसंतीक्रम हा आपल्याला परदेशी वाटतो याचं नवल वाटतं. राष्ट्रपती याच पद्धतीने निवडला जातो, राज्यसभा याच पद्धतीने, विधान परिषदही. आणि एकदा तर दुसऱ्या पसंतीनेच राष्ट्रपती ठरला आहे.

१९६९. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. अपक्ष व्ही. व्ही. गिरी, ज्यांच्यासाठी इंदिराबाईंनी आमदार-खासदारांना आतल्या आवाजाला स्मरून मत द्यायला सांगितलं. आणि स्वतंत्र पक्ष-जनसंघाच्या पाठिंब्यावर आपले चिंतामणराव देशमुख. हो, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे तेच.

पहिल्या पसंतीचं मतमूल्य: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारं मूल्य, ४,१८,१६९. म्हणजे गिरी सोळा-सतरा हजारांनी अडकलेले. बाकीचे बाद करत करत शेवटी देशमुखांचे कागद उघडले. आता आकडे नीट बघा. अखेरीस रेड्डी ४,०५,४२७ वर पोचले, म्हणजे जवळजवळ ९२ हजारांची भर. गिरींना मिळाली फक्त साडेअठरा हजारांची. पण त्यांना तेवढीच हवी होती.

यातून खग्रास यांचा मुद्दा अर्धाच सिद्ध होतो. पद्धतीने पक्षाला वळण लावलं का? नाही. पक्ष आधीच आतून फुटलेला होता, त्याच वर्षी काँग्रेसची दोन शकलं झाली. मतपत्रिकेने फक्त भेग किती रुंद आहे ते मोजून दाखवलं.

तिसरी घंटा

सगळं वाचलं. विरोधी सूर लावतो, राग नसावा.

'सर्वाधिक मतं तो विजयी' ही पद्धत गावठी आहे, अन्यायकारक आहे, सगळं मान्य. २०१४ ला बसपाला देशात चार टक्क्यांच्या वर मतं आणि लोकसभेत शून्य जागा, हे कुठल्याही तराजूत बसत नाही. पण या पद्धतीत एक गुण आहे: माणूस पाडता येतो. मतदारसंघात एकच प्रतिनिधी, त्याचं तोंड माहीत, आवडला नाही की घरी. प्रमाणशीर पद्धतीत मत पक्षाच्या यादीला, आणि त्या यादीत वरच्या क्रमांकावर बसलेल्या पुढाऱ्याला मतदार पाडूच शकत नाहीत. यादी करतो कोण? पक्षश्रेष्ठी. तिकीटवाटपात आज जे चालतं ते बघून तुम्हाला त्यांच्या हातात आणखी एक यादी द्यायची आहे?

जर्मनी आदर्श म्हणून सांगतात. तिथे २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या नियमाने निवडणूक झाली. सभागृह ६३० वर आटोक्यात ठेवायचं म्हणून आपापल्या मतदारसंघात पहिले आलेल्या २३ उमेदवारांना जागाच मिळाली नाही. मतदारसंघ जिंकला आणि खासदार नाही! दुसरीकडे एका नव्या पक्षाला ४.९८ टक्के मतं मिळाली, पाच टक्क्यांची अट दहा हजारांहून कमी मतांनी हुकली आणि तो पूर्ण बाहेर. बसपाचं दुःख तिथेही आहेच, फक्त कुंपण वेगळ्या जागी घातलंय.

संविधान सभेतही हा विषय झाला होता. वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी १९४९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. साक्षरता नाही आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही, ही दोन कारणं.

अनुस्वार

पहिलं कारण आज किती उरलंय ते सोडा. पण बाबासाहेब पद्धतींबद्दल उदासीन होते असं यातून कोणी काढू नये. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत होती, आणि त्याचा आग्रह त्यांनी धरलेला होता. विखुरलेल्या अल्पसंख्याकाला एकवटायची सोय म्हणून. १९५२ ला द्विसदस्य मतदारसंघात ती सोय नव्हती, आणि ते मुंबईत पडले.

पद्धत बदलली की तोच समाज, तेच मतदार, निकाल वेगळा. यापेक्षा जवळचं उदाहरण नको.

शाईवाला

पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला बसलेला माणूस म्हणून दोन शब्द.

नियम साधा आहे. आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनानेच आकडा लिहायचा. 1 चालतो, १ चालतो, रोमन I पण चालतो. अक्षरात 'एक' लिहिलं की बाद. बरोबरची खूण केली, बाद. दोघांपुढे १ लिहिला, बाद. खाली सही ठोकली, बाद. आणि लक्षात घ्या, हे सगळे पदवीधर! एका पत्रिकेवर उमेदवारापुढे फुली मारून बाजूला 'हा नको' असं लिहिलेलं होतं. टेबलाभोवती चार प्रतिनिधी वाकून बघतायत, आणि जो 'नको' होता त्याचाच प्रतिनिधी म्हणतोय, साहेब, खूण तर आमच्यापुढेच आहे.

लोकांना कळत नाही असं मी म्हणणार नाही. समजावून कोणी सांगत नाही. उमेदवारांचे कार्यकर्ते दारात येऊन 'साहेबांपुढे फक्त १ लिहा आणि घडी घाला' एवढंच शिकवतात. दुसरी पसंती दुसऱ्याला शिकवली तर आपलंच नुकसान, असं त्यांना वाटतं. मग होतं काय, तळातला उमेदवार बाद केल्यावर त्याचा गठ्ठा उघडायचा आणि एकामागून एक कागद पुढे पसंतीच नसलेला. संपलेली मतं म्हणून बाजूला ठेवायचे. पसंतीक्रमाची पद्धत कागदावर, वापर जुन्याच पद्धतीचा.

खग्रास म्हणतात तसा पक्ष नियमाप्रमाणे बदलत नाही, तो नियमालाच आपल्यासारखा करून घेतो.

दुर्बीण

श्रीलंकेत २०२४ च्या सप्टेंबरात हेच दिसलं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पसंतीक्रम पहिल्यापासून आहे, पण कोणीतरी पहिल्याच मोजणीत निम्म्यावर जायचं. या वेळी दिसानायके ४२ टक्क्यांवर थांबले आणि इतिहासात पहिल्यांदा दुसरी पसंती मोजावी लागली. बहुसंख्य मतदारांनी एकाच नावापुढे खूण केलेली. निकाल काही बदलला नाही.

उगाच

कुणी 'सॅक्सन'चं नाव काढलं नाही अजून? 'डॉक्टर हू', २००७, 'द साउंड ऑफ ड्रम्स'. मास्टर हा खलनायक हॅरल्ड सॅक्सन नावाने पंतप्रधान होतो. उपग्रहांतून सगळ्यांच्या मोबाईलवर गुंगी आणणारा ठेका सोडलेला असतो. पण मला आवडतो तो मंत्रिमंडळाच्या पहिल्या बैठकीचा प्रसंग. तो मंत्र्यांना तोंडावर सांगतो की वारं माझ्याकडे फिरलेलं दिसताच तुम्ही आपापले पक्ष सोडून माझ्या गाडीत चढलात, तुम्ही गद्दार आहात. आणि विषारी वायू सोडतो.

पक्षांतरबंदीची इतकी कडक अंमलबजावणी आपल्या विधानसभा अध्यक्षांना जमलेली नाही.

तिसरी घंटा

हाहा. खग्रास, तुमच्या धाग्याला उत्तर मिळालं. यात पक्ष आहेत, आणि ते रिकामे झालेत म्हणूनच मास्टर निवडून येतो.

आणि आपल्याकडे बघा. १९८५ च्या कायद्यात एक तृतीयांश फुटले तर चालत होतं, ते २००३ मध्ये काढलं. आता दोन तृतीयांश आणि विलीनीकरण. त्यानंतर महाराष्ट्रात काय झालं ते सांगायला नको. २०२३ मध्ये एका पक्षाचं नाव-चिन्ह आयोगाने एका गटाला दिलं, २०२४ मध्ये दुसऱ्या पक्षाचं. राजकीय पक्ष म्हणजे विधिमंडळातले आमदार की बाहेरची संघटना, यावर सर्वोच्च न्यायालयाला पानंच्या पानं लिहावी लागली. ज्या देशात पक्ष कोण हेच ठरत नाही, तिथे पक्षाच्या यादीला मत द्यायचं म्हणजे नेमकं कुणाला?

(राज्याच्या राजकारणावर इथेच थांबतो, नाहीतर धाग्याचा काश्मीर होईल.)

खग्रास

हा शेवटचा प्रश्न मात्र अडवणारा आहे. माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेला २५ टक्के जादा जागा यादीने भरायच्या सुचवल्या होत्या, आणि त्याच अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीला कायद्याचं बंधन घालायचंही म्हटलं होतं. दोन्ही एकत्र. आधी पक्षाला सभासद, निवडणूक, हिशेब यांचं कुंपण, मग यादी. अहवाल कपाटात आहे.

पण जुन्या पद्धतीत जिंकलेला पक्ष ती कधीच बदलणार नाही, हे मीच वर लिहिलं, त्याला एक अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो. न्यूझीलंड. १९७८ आणि १९८१, दोन्ही वेळा लेबर पक्षाला मतं जास्त आणि नॅशनल पक्षाला जागा जास्त. १९८१ ला तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांवर मतं आणि जागा दोन. मग आयोग बसला, त्याने मिश्र पद्धत (काही जागा मतदारसंघातून, काही पक्षाच्या यादीतून) सुचवली, आणि दोन्ही मोठ्या पक्षांनी ती फडताळात टाकली. १९८७ च्या टीव्हीवरच्या वादात पंतप्रधान डेव्हिड लँगी यांनी सार्वमत घेऊ असं बोलून टाकलं. पक्षाचं धोरण तसं नव्हतं, त्यांनी टिपण चुकीचं वाचलं असं सांगितलं जातं. मग लेबरने शब्द पाळला नाही म्हणून विरोधकांनी त्यांना धारेवर धरलं, आणि ते करता करता स्वतःच तोच शब्द देऊन बसले. १९९२ ला जवळजवळ ८५ टक्के लोक म्हणाले बदल हवा. १९९३ ला ५३.९ टक्क्यांनी मिश्र पद्धत आली, २०११ ला पुन्हा विचारलं तेव्हा ५७.८ टक्क्यांनी टिकली.

तर उगाच, टीव्हीने मतदानसुधारणा घडवलेली आहे. विज्ञानकथेने नाही, एवढंच.

अनुस्वार

आणि ब्रिटनमध्ये २०२४ ला लेबरला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा. रिफॉर्म पक्ष १४.३ टक्के, पाच जागा. लिबरल डेमोक्रॅट्स १२.२ टक्के, बहात्तर जागा! २०१० च्या निम्मी मतं आणि त्याहून पंधरा जागा जास्त, कारण मतं नेमक्या जागी साठवायला ते शिकले. आता पद्धत बदलायची घाई त्यांना किती असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

दुर्बीण

नोटावर कोणीच पुढे बोललं नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २०२४ ला इंदूर लोकसभेत दोन लाखांवर. दोन्हीकडे निकालाला धक्का नाही. पण महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ठरवलं की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. म्हणजे 'निषेध' बटणाला तार जोडलेली आहे, फक्त आमदार-खासदारांच्या यंत्राला नाही.

उगाच

म्हणजे नगरसेवकाच्या पायाखाली झडप आहे आणि खासदाराच्या पायाखाली लादी. कळलं.

तिसरी घंटा

शाईवाला, एक विचारायचं होतं. माझं नाव पदवीधर यादीत लागलंय. समजा मी १, २ लिहिलं आणि चुकून ३ सोडून थेट ४ लिहिलं, तर पूर्ण पत्रिका बाद का?

शाईवाला

नाही. १ आणि २ धरतात. तीन सापडला नाही की तिथे थांबायचं, चार वाचायचाच नाही. पण पेन मात्र त्यांचंच वापरा, खिशातलं काढू नका.